दुसऱ्यांचे ऐकणाऱ्यांनी आपले कोणाला सांगावे?

कोथरूडकर (प्रश्न)

माझी पत्नी समुपदेशक आहे. मानसशास्त्रात एम.ए. आणि त्यानंतरचे प्रशिक्षण पूर्ण करून गेली काही वर्षे ती स्वतंत्रपणे काम करते. कर्वे रस्त्याच्या एका गल्लीत तिने आणि तिच्या मैत्रिणीने मिळून एक खोली भाड्याने घेतली आहे. आठवड्यातले काही दिवस ती तिथे बसते आणि उरलेली सेशन घरून ऑनलाइन घेते. तिच्याकडे हिंजवडीत नोकरी करणारे तरुण येतात, स्पर्धा परीक्षांसाठी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारी मुले येतात, वेगळे व्हावे की नाही या विचारात अडकलेली जोडपी येतात. मला एवढेच माहीत आहे आणि याहून अधिक माहीत असू नये, हेही मला मान्य आहे.

माझा प्रश्न तिच्याविषयी आहे. नोकरदार मंडळींना संध्याकाळनंतरच वेळ असल्यामुळे तिचे शेवटचे सेशन रात्री नऊच्या सुमारास संपते, आणि त्यानंतरही खोलीचे दार बराच वेळ बंद असते. जेवताना आमचा मुलगा शाळेतले काही सांगू लागला की ती त्याच्याकडे पाहून मान हलवते, तो मध्येच थांबतो आणि विचारतो, "आई, मी आत्ता काय म्हणालो?" तिला ते सांगता येत नाही. गाण्याचा क्लास हळूहळू सुटला. मैत्रिणींचे फोन ती उचलत नाही, कारण कोणी "तुझ्याशी जरा बोलायचं होतं" म्हटले की तेही तिला कामच वाटते. मी विचारले तर "या कामात एवढं चालायचंच" असे म्हणून ती विषय संपवते.

मी अभियंता आहे आणि कार्यालयात काही बिनसले तर घरी येऊन तिलाच सांगतो. तिला ती वाट मोकळी नाही. या क्षेत्रातले अनुभवी लोक आपले मन कसे सांभाळतात? त्यासाठी काही रीतसर व्यवस्था असते, की ज्याचे त्याने पाहून घ्यायचे असते? आणि घरातल्या माणसाने गोपनीयतेला धक्का न लावता काय करावे?

उंबरठा

मी पुण्यात बऱ्याच वर्षांपासून मानसोपचाराचे काम करते आणि नव्या समुपदेशकांना सुपरव्हिजनही देते, म्हणून आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते. होय, व्यवस्था असते, आणि सुट्टी, योगासने, छंद या सगळ्यांच्या आधी तिचा क्रमांक लागतो. गाणे सुटले आहे म्हणून गाणे पुन्हा सुरू करा, असा सल्ला तिला अनेकांनी दिला असेल. तो चुकीचा नाही, पण ज्या थकव्यामुळे गाणे सुटले तो तसाच राहिला, तर क्लासची फी भरूनही ती जाणार नाही. ऐकणाऱ्याचे ऐकायला कोणीतरी आधीपासून नेमलेले असावे लागते, तेही अडचण आल्यावर शोधलेले नव्हे, तर ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी भेटणारे.

या माणसाला सुपरव्हायझर म्हणतात, पण तो साहेब नसतो. भेट कशी चालते ते सांगितले तर कल्पना येईल. समजा, एखादी समुपदेशिका सांगते की एका विशिष्ट मुलाचे सेशन असले की सकाळपासून तिचे डोके जड होते. मी त्या मुलाच्या निदानाकडे लगेच वळत नाही. मी विचारते, "तो समोर बसल्यावर तुझी नजर कुठे असते?" ती थोडा विचार करून म्हणते, "घड्याळाकडे." मग मी विचारते, "आणि तो गप्प झाला की?" ती म्हणते, "मीच बोलायला लागते. त्याला वेळापत्रक करून देते, मार्ग सुचवते." आम्ही तिथेच थांबतो. पुढच्या अर्ध्या तासात हळूहळू समोर येते की त्या मुलाची हताशा तिला सोसवत नाही, कारण तिच्या सख्ख्या भावाने अशाच परीक्षांत उमेदीची वर्षे घालवली आणि घरात त्याविषयी कोणी कधी बोललेच नाही. मुलगा तोच राहतो, त्याची अडचणही तीच राहते, पण पुढच्या वेळी तिला तो गप्प बसलेला चालतो. तिचे डोके ज्याने दुखत होते, त्यातला निम्मा भार त्या मुलाचा नव्हताच.

उपचार करणाऱ्याच्या मनात उमटणाऱ्या अशा भावनांकडे मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने १९१० मध्ये लक्ष वेधले, तेव्हा त्यांच्याकडे अडथळा म्हणून पाहिले गेले. पुढे १९५० मध्ये मनोविश्लेषक पॉला हायमन यांनी मांडले की याच भावनांमधून समोरच्या माणसाच्या मनाविषयी माहिती मिळते. रोजच्या कामात दोन्ही खरे असते, आणि कोणत्या वेळी कोणते खरे आहे हे एकट्याने ओळखणे फार कठीण असते. म्हणूनच फ्रॉइडने १९३७ मध्ये असेही सुचवले होते की विश्लेषकाने दर पाच वर्षांनी वगैरे स्वतः पुन्हा विश्लेषण करून घ्यावे आणि त्यात लाज मानू नये. आजच्या भाषेत याला पर्सनल थेरपी म्हणतात. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ८४ टक्के लोकांनी स्वतः कधी ना कधी उपचार घेतल्याचे सांगितले होते आणि ६१ टक्क्यांनी आयुष्यात एकदा तरी नैराश्य अनुभवल्याचे सांगितले होते. ही पाहणी परदेशातली आणि जुनी असली तरी मी ती नव्या मुलामुलींना आवर्जून सांगते, कारण दुसऱ्याला उपचार घ्यायला सांगणारे आपण स्वतः मात्र त्याच्यापलीकडे असले पाहिजे, ही समजूत आपल्याकडे अजून फार घट्ट आहे.

गोपनीयतेचे म्हणाल, तर सुपरव्हिजनमध्ये नाव, कंपनी, गाव असे ओळख पटवणारे काहीही सांगितले जात नाही, आणि आपण मार्गदर्शन घेतो हे क्लायंटला पहिल्याच भेटीत सांगून त्याची संमती घेतली जाते. त्यामुळे "मी कोणाशी बोलूच शकत नाही" असे आपल्या पत्नीला वाटत असेल, तर ते अर्धेच खरे आहे. घरी बोलता येत नाही, योग्य जागी बोलता येते आणि बोललेच पाहिजे.

आता वेळापत्रकाविषयी. सेशन पन्नास मिनिटांचे असते ते उरलेल्या दहा मिनिटांसाठी. त्या दहा मिनिटांत नोंदी लिहायच्या, उठायचे, खिडकी उघडायची, पाणी प्यायचे. ऑनलाइन काम सुरू झाल्यापासून ही दहा मिनिटेच नाहीशी झाली आहेत, कारण एक खिडकी बंद केली की पुढची उघडते आणि खुर्चीही बदलत नाही. आघातातून गेलेल्या दोन व्यक्तींची सेशन लागोपाठ ठेवू नयेत. रात्री उशिरापर्यंतचे काम आठवड्यातल्या मोजक्याच दिवशी ठेवावे. हिंजवडीतला माणूस सकाळी आठलाही येऊ शकतो, फक्त त्याला तसे विचारावे लागते. आयत्या वेळी रद्द होणाऱ्या सेशनच्या पैशांचा नियमही आधीच ठरवावा, कारण तो नसला की समुपदेशक पोटासाठी ज्यादा सेशन लावत जातो आणि थकवा तिथूनच सुरू होतो.

पुण्याची म्हणून एक वेगळी अडचण आहे. हे शहर कितीही वाढले तरी ओळखीपाळखीच्या बाबतीत लहानच आहे. मंडईत, यशवंतराव चव्हाण नाट्यगृहाच्या मध्यंतरात, लग्नाच्या पंगतीत क्लायंट समोर येतो, आणि तिथेही चेहरा, बोलणे, सोबत कोण आहे याचे भान ठेवावे लागते. अशाने माणूस कामातून कधी बाहेरच पडत नाही. "बाहेर दिसलो तर मी आपणहून ओळख दाखवणार नाही, तुम्ही दाखवलीत तर मी नमस्कार करीन" असे पहिल्या भेटीतच ठरवून घेतले की हा ताण बराच कमी होतो.

निरभ्र

मी मनोविकारतज्ज्ञ असून आता व्यवसायातून निवृत्त झालो आहे. उंबरठा यांच्याशी मी सहमत आहे. फक्त एक फरक स्पष्ट व्हावा असे वाटते, कारण तो न केल्यामुळे उपचाराला उशीर होताना मी पाहिला आहे.

कामाने येणारा शीण ही एक गोष्ट, बर्नआउट ही दुसरी आणि नैराश्य ही तिसरी. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये बर्नआउटविषयी लिहिले ते मदतकेंद्रांत काम करणारी माणसे पाहूनच. पुढे ख्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये तो मोजण्याची प्रश्नावली तयार केली. तिच्यात तीन बाजू आहेत: भावनिक दृष्ट्या रिते होणे, समोरच्या माणसाविषयी कोरडेपणा येणे आणि आपल्या कामाने काही साधत नाही असे वाटू लागणे. यातली दुसरी बाजू समुपदेशकासाठी सर्वांत धोक्याची असते, कारण ती त्याला स्वतःला उशिरा कळते. क्लायंटला मात्र आधी जाणवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची नोंद आजार म्हणून नाही, तर कामाशी निगडित स्थिती म्हणून आहे. म्हणजे त्यावरचा उपाय बऱ्याच अंशी कामाची रचना बदलण्यात आहे. नैराश्य हा मात्र आजार आहे. सुट्टीतही मन रमत नाही, पहाटे लवकर जाग येऊन पुन्हा झोप लागत नाही, भूक गेली आहे, जगण्यात अर्थ नाही असे विचार येतात आणि हे दोन आठवडे किंवा अधिक काळ चालले आहे, असे असेल तर सुपरव्हिजनवर विसंबून न राहता डॉक्टरांना भेटावे. पुण्यातल्या पुण्यात ओळखीच्या सहकाऱ्याकडे जायचा संकोच होत असेल, तर दुसऱ्या शहरातील तज्ज्ञाकडे ऑनलाइन जाता येते. मनात टोकाचे विचार येत असतील तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक समुपदेशकांसाठीही आहे.

चौथी गोष्टही आहे. आघात झालेल्या लोकांच्या हकीकती सतत ऐकून ऐकणाऱ्याची जगाकडे पाहण्याची दृष्टीच बदलते. मॅककॅन आणि पर्लमन यांनी १९९० मध्ये तिचे वर्णन केले. लैंगिक अत्याचाराच्या केस पाहणारी समुपदेशिका आपल्या मुलीला मैदानावर पाठवायला घाबरू लागते, ते यातूनच. ही दुर्बलता नव्हे, कामाच्या स्वरूपातूनच येणारी इजा आहे, आणि तिच्यावर काम करता येते.

आणखी एका प्रसंगाविषयी आपल्याकडे कोणी उघड बोलत नाही, म्हणून मी बोलतो. उपचार घेणारी व्यक्ती आत्महत्या करते तेव्हा उपचार करणाऱ्याचे काय होते? अमेरिकेत १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहण्यांत ५१ टक्के मनोविकारतज्ज्ञांनी आणि २२ टक्के मानसशास्त्रज्ञांनी असा प्रसंग आपल्या वाट्याला आल्याचे सांगितले होते. म्हणजे हा अपवादात्मक अपघात नाही. या व्यवसायात दीर्घकाळ राहणाऱ्याने तो येऊ शकतो हे गृहीत धरले पाहिजे. तरीही तो आला की उपचारक एकटा पडतो, नोंदी पुन्हापुन्हा चाळतो, नवीन क्लायंट घ्यायला भितो. अशा वेळी कोणाला फोन करायचा हे आधीच ठरलेले असावे. तो क्रमांक लिहून ठेवला आहे का, एवढे तरी आपल्या पत्नीला जरूर विचारावे.

जाता जाता एका प्रयोगाचा उल्लेख करतो. ओल्गा क्लिमेकी, टानिया सिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना आधी दुसऱ्याचे दुःख स्वतः अनुभवण्याचे प्रशिक्षण दिले, तेव्हा त्यांच्या मनातील त्रासदायक भावना वाढल्या. मग त्यांनाच दुसऱ्याच्या भल्याची कळकळ जोपासण्याचे प्रशिक्षण दिले, तेव्हा तो त्रास उतरला आणि सुखद भावना वाढल्या. आमच्या पिढीत "जितके अधिक सोसाल तितके चांगले डॉक्टर" असे मानले जात असे. समोरच्याचे दुःख आपल्या अंगावर घेणे आणि त्याच्या भल्यासाठी मनापासून उभे राहणे, या दोन वेगळ्या क्षमता आहेत, आणि दुसरी शिकता येते.

पाऊलवाट

वरील दोन्ही प्रतिसाद मोलाचे आहेत, तरी एक गोष्ट नम्रपणे मांडते. मी या क्षेत्रात नवी आहे आणि पुण्यातील एका संस्थेत काम करते. सुपरव्हिजन घ्या, स्वतः थेरपी घ्या, क्लायंट कमी करा, हे सगळे योग्य आहे, पण त्याचे पैसे कोण देणार? सुपरव्हायझरच्या एका तासाचे शुल्क अनेकदा माझ्या एका सेशनच्या मानधनाहून अधिक असते. संस्थेत दिवसाला किती मुले पाहायची हे मी ठरवत नाही. शाळेतून एकामागून एक मुले पाठवली जातात, खोलीला दार असते पण आवाज बाहेर जातो, आणि महिन्याच्या अहवालात फक्त संख्या विचारली जाते. थकवा आल्याचे सांगितले तेव्हा आम्हाला ताणमुक्तीची कार्यशाळा मिळाली, तीही रविवारी.

म्हणून "समुपदेशकाने स्वतःची काळजी घ्यावी" हे वाक्य मला अपुरे वाटते. ब्रिटनमधील समुपदेशकांच्या मोठ्या व्यावसायिक संघटनेने आपल्या अधिस्वीकृत सदस्यांसाठी महिन्याला किमान दीड तास सुपरव्हिजन आवश्यक केले आहे. आपल्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांना सतत शिक्षणाचे गुण मिळवावे लागतात, पण माझ्यासारख्या समुपदेशकांच्या सुपरव्हिजनची जबाबदारी संस्था आपली मानतच नाहीत. ती त्यांनी मानावी, पगाराच्या तासांतच ती वेळ मोजावी, यासाठी आपण सगळ्यांनी बोलले पाहिजे.

तोवर आम्ही काय केले तेही सांगते. आम्ही काही समवयस्क समुपदेशक पंधरवड्यातून एकदा एरंडवण्यात एकीच्या घरी जमतो. मायकल बालिंट आणि एनिड बालिंट यांनी १९५० च्या दशकात लंडनमध्ये डॉक्टरांचे जे गट चालवले, त्यांच्या पद्धतीचा आधार आम्ही घेतला आहे. एकजण नोंदी न पाहता एक केस सांगते, बाकीच्या मध्ये बोलत नाहीत. नंतर सांगणारी खुर्ची थोडी मागे घेऊन नुसती ऐकते आणि उरलेल्या आपापल्या मनात काय उमटले ते बोलतात. सल्ला द्यायचा नाही, हा नियम आम्ही फार कसोशीने पाळतो, कारण सल्ला द्यायची आम्हा सगळ्यांनाच सवय आहे. मागे बसून ऐकताना प्रथमच कळते की क्लायंटला आपल्यासमोर बसून कसे वाटत असेल. यात खर्च चहापोह्यांचा तेवढा. अनुभवी सुपरव्हायझरची जागा असा गट घेऊ शकत नाही हे मला मान्य आहे, पण काहीच नसण्यापेक्षा तो कितीतरी चांगला.

उंबरठा

पाऊलवाट, आपले म्हणणे रास्त आहे आणि माझ्या प्रतिसादात ते यायला हवे होते. शुल्काविषयी एवढेच सांगते की माझ्यासारखे अनेकजण नव्या लोकांसाठी ते कमी करतात किंवा तीन-चार जणांचा गट करून विभागून घेतात. विचारायला संकोच करू नका. संस्थांच्या जबाबदारीविषयी मात्र आपण म्हणता तसे मोठ्याने बोलण्याची गरज आहे, आणि ते बोलण्याचे काम नोकरी गमावण्याची भीती नसलेल्या आम्हा ज्येष्ठांचे अधिक आहे.

कोथरूडकर

सर्वांचे मनापासून आभार. पत्नीशी बोललो. पूर्वी तिला सुपरव्हायझर होत्या. त्या दुसऱ्या शहरात गेल्यावर ते थांबले आणि नंतर पुन्हा सुरू करायचे राहून गेले. निरभ्र यांनी सांगितलेली नैराश्याची लक्षणे आम्ही दोघांनी मिळून वाचली. ती तिला लागू होत नाहीत असे ती म्हणते आणि मलाही तसेच वाटते. घरच्यांनी काय करावे, हा प्रश्न मात्र अजून उरला आहे. मी काही विचारले की ते चौकशी केल्यासारखे वाटते, आणि न विचारावे तर दुर्लक्ष केल्यासारखे.

सायंतारा

माझे यजमान व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात समुपदेशक आहेत, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर घरातल्या माणसाच्या नात्याने देते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयता हा उपचार घेणाऱ्याचा हक्क मानला आहे, तेव्हा मजकूर विचारायचा नाही हे पक्के. पण मजकूर आणि भार या वेगळ्या गोष्टी आहेत. "काय झालं?" असे मी विचारत नाही, "आज जड गेलं का?" एवढेच विचारते. त्याला हो किंवा नाही म्हणता येते, आणि हो म्हटले तर पुढे काय करायचे हे आम्ही चांगल्या दिवशी ठरवून ठेवले आहे. ते शुक्रवार पेठेपासून पर्वतीच्या पायथ्यापर्यंत एकटे चालून येतात आणि मग जेवायला बसतात. तोवर कोणी थांबायचे नाही, रुसायचे नाही. कोणाला एकटे चालणे हवे असेल, कोणाला शेजारी बसून मालिका पाहणे. ते तिलाच विचारा.

दुसरे म्हणजे, तिला घरात समुपदेशक करू नका. आपण कार्यालयातले सगळे तिला सांगता असे लिहिले आहे. ते थांबवावे असे मी म्हणणार नाही, नवराबायकोने एकमेकांशी बोलायचेच असते. पण शेवटच्या सेशननंतरचा तासभर त्यासाठी नको. सासरमाहेरच्या माणसांनाही हे आपणच सांगा. "ती डॉक्टरच आहे, तिला विचारू" म्हणून आत्याच्या सुनेपासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळे तिच्याकडे येतात, आणि त्यांना नाही म्हणणे तिच्यापेक्षा आपल्याला सोपे जाते.

मुलाचे म्हणाल, तर तो अगदी योग्य प्रश्न विचारतो आहे. त्याला गप्प करू नका. आईचे डोके कामानंतर थोडा वेळ भरलेले असते, एवढे त्याला समजेल असे सांगा आणि त्याच्या गोष्टीसाठी सकाळची वेळ राखून ठेवा. आमची मुलगी शाळेची बस येईपर्यंतच्या वेळात बाबांना सगळे सांगायची.

उंबरठा

सायंतारा यांचे सगळेच पटले. कोथरूडकर, आपल्या पत्नीच्या आधीच्या सुपरव्हायझर दुसऱ्या शहरात असल्या तरी ऑनलाइन भेटू शकतील; त्यांना एकदा विचारायला सांगा, कारण त्यांना तिचे काम माहीत आहे. त्यांना जमणार नसेल तर नवी व्यक्ती निवडताना तीन गोष्टी विचाराव्यात: त्या स्वतः सुपरव्हिजन घेतात का, तिच्याकडे येणाऱ्या जोडप्यांच्या आणि विद्यार्थ्यांच्या केसचा त्यांना अनुभव आहे का, आणि दोन ठरलेल्या भेटींच्या मध्ये तातडीचा प्रसंग आला तर फोन केलेला चालेल का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट "हो" असावे. पहिल्या दोन-तीन भेटींनंतर जमत नाही असे वाटले तर बदलायला हरकत नाही, त्यात कोणाचा अपमान होत नाही.

आणि घरून घेतलेली सेशन शक्यतो झोपायच्या खोलीत नकोत. दुसरी खोली नसेल, तर निदान लॅपटॉप आणि नोंदींची वही सेशन संपल्यावर त्या खोलीतून बाहेर, कुलूपबंद कपाटात जावीत. गोपनीयतेसाठी ते आवश्यकच आहे, शिवाय झोपही लवकर लागते.